सातवा प्रश्न

त्या वर्षी घेवड्याच्या शेंगा उशिरा आल्या. जुलै संपत आला तरी मी दोऱ्यात शेंगा ओवत बसलेली होते. मागच्या ओसरीत टोपली मांडीवर, सुई हातात, आणि समोर माझी नात आयव्ही लॅपटॉप उघडून बसलेली. हिवाळ्यासाठी शेंगा अशा माळा करून वाळवायच्या, हे माझ्या आईने मला शिकवलं. मी आयव्हीला शिकवलं होतं, पण त्या दिवशी तिने एकही शेंग हातात घेतली नाही.

"मॅमॉ, ऐक," ती म्हणाली. आमच्या डोंगरात आजीला मॅमॉ म्हणतात. "सातवा प्रश्न वाचते."

"मला ऐकायचा नाही."

तिने वाचलाच. "आपलं लग्न झालं असल्यास अथवा ठरलं असल्यास, आपले जोडीदार कोणत्या भागातले आहेत? आपल्याबरोबर ते ग्रामीण भागात कायमचे राहण्यास तयार आहेत का? सविस्तर लिहा."

व्हेटली मेडिकल कॉलेजात डोंगरातल्या मुलांसाठी दरवर्षी आठ जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. फी माफ, आणि बदल्यात शिकून झालं की आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, परत येऊन दहा वर्षं डॉक्टरकी करायची. हा प्रश्न त्या अर्जातच आहे आणि त्याला गुण आहेत, कारण कॉलेजवाल्यांना अनुभव आहे. डॉक्टर येतो, दोन वर्षं राहतो, मग त्याची शहरातली बायको म्हणते की इथे धड दुकानही नाही, आणि दोघं सामान बांधून निघून जातात. आमच्याकडून असे चार गेले. जोडीदार डोंगरातला असेल तर माणूस टिकतो, असा त्यांचा हिशेब.

आयव्हीची जोडीदार म्हणजे ड्रीमा स्लोन. डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यातली. वीज मंडळात खांबांवर चढून तारा जोडण्याचं काम करते. तीन वर्षं दोघी माझ्याच जमिनीवर, वरच्या बाजूला ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहत होत्या. त्या तीन वर्षांत मी एकदाही वर चढले नव्हते आणि ड्रीमा माझ्या ओसरीच्या पायरीच्या वर आली नव्हती. मी तिचं नाव घेत नसे. 'ती खांबावरची' म्हणत असे.

"रिकामं सोड," मी म्हटलं.

"रिकामं सोडलं तर पंधरा गुण जातात. एवढ्यावर जागा हुकते."

"मग लिही, लग्न झालेलं नाही. खरंच आहे ते."

"ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही. तुला सांगितलं होतं, ईस्टरला. तू उठून भांडी घासायला गेलीस."

"भांडी पडली होती."

आयव्हीने लॅपटॉप अर्धा मिटला. "दुसऱ्या पानावर सरळच विचारलंय, तुम्ही समलिंगी आहात का वगैरे. तिथे 'सांगायचं नाही' असा पर्याय आहे. त्यावर खूण केली मी. तुझ्यासाठी केली. पण सातव्याला तसा पर्याय नाही. आणि गंमत बघ, त्यांना जे उत्तर हवंय तेच माझ्याकडे आहे. आठ जागांसाठी जेवढे अर्ज येतील त्यात माझ्यापेक्षा चांगलं उत्तर कुणाचं नसेल. ड्रीमा या डोंगरातून हलणार नाही. तिला टेनेसीच्या समुद्रकिनाऱ्यावर घर दिलं तरी हलणार नाही."

"टेनेसीला समुद्र नाही."

"म्हणूनच."

मला हसू आलं असतं, पण मी शेंगा ओवत राहिले. "मुलाखत घेणारे कोण असतात माहीत आहे तुला? तीन माणसं. त्यातला एक तरी डीकन असतो, चर्चचा कारभारी. तू ते लिहिलंस की तिथेच संपलं. मी त्या ऑफिसात सात वर्षं काढली आहेत."

"एकोणीसशे साठ साली, मॅमॉ."

"चौसष्ट ते एकाहत्तर. माणसं बदलतात, फायली बदलत नाहीत."

"तुला माझ्या जागेची काळजी नाही. तुला चर्चमध्ये कुणी काय म्हणेल त्याची काळजी आहे." लॅपटॉप काखेत मारून ती वर निघून गेली. टोपलीत अर्ध्याहून जास्त शेंगा उरल्या होत्या.

तिचं अर्धं बरोबर होतं.

उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. व्हेटलीच्या प्रवेश ऑफिसात मी टंकलेखिका होते. तेवीस-चोवीस वर्षांची, हिरवा कोट, टाचेचे बूट, आणि डोंगरातून शहरात आल्याचा तोरा. त्या ऑफिसची अजून आठवण येते. उंच खिडक्या, कार्बन कागदाचा वास, सहा टाइपरायटर एकदम चालू झाले की टेबलावरच्या पेन्सिली थरथरायच्या. दुपारी आम्ही मुली मागच्या जिन्यावर बसून सँडविच खायचो आणि कोणता डॉक्टर कोणत्या नर्सकडे बघतो ते मोजायचो. तेवढी सुखी मी पुढे फारशी कधी नव्हते.

अडुसष्ट साली आमच्या काउंटीतल्या नोबल हेन्सलीचा अर्ज आला. त्याचे वडील खाणीत होते, आणि हा वर्गात कायम पहिला. समितीचे प्रमुख डॉ. प्रुइट कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी थांबले. "ऑर्लीना, हा तुझ्या गावाकडचा. कसा आहे मुलगा?"

मी म्हटलं, "फार हुशार. कार्ल बॅच नावाच्या मित्राबरोबर राहतो, पाच वर्षं झाली. दोघं मिळून स्वयंपाक करतात. मागच्या वर्षी पडदे शिवले म्हणे, निळ्या फुलांचे." आणि मी हसले.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी मला आत बोलावून त्याच्या फाइलसाठी टिपणाचा मजकूर सांगितला. शेवटचं वाक्य होतं, 'अर्जदाराच्या घरगुती व्यवस्थेविषयी समितीने स्वतः चौकशी करावी असे सुचवतो.' मी ते टाइप केलं. एकही चूक न करता. नोबलला मुलाखतीला बोलावलं, त्या व्यवस्थेविषयी विचारलं, त्याने सांगितलं की मित्र आहे, भाडं वाटून घेतो. पंधरा दिवसांनी त्याला नकाराचं पत्र गेलं. तेही मीच टाइप केलं. तो ओहायोत निघून गेला, औषधांच्या दुकानात लागला असं ऐकलं. आमच्या काउंटीत पुढची आठ वर्षं डॉक्टर नव्हता. माझी धाकटी बहीण त्यातल्या सातव्या वर्षी बाळंतपणात गेली.

मला काही कल्पना नव्हती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण पडद्यांचं सांगताना मी का हसले होते, ते मला चांगलं माहीत होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक टॉलिव्हरची टेप आली.

शेवटी जे डॉक्टर मिळाले ते हे. शहात्तर साली आले आणि राहिले. मी त्यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काम केलं. अजूनही ते बोलतात त्या छोट्या रेकॉर्डरमध्ये आणि मी घरी बसून टाइप करते, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच वाचता येत नाही. त्यांची एक सवय आहे, दुसऱ्या कुणा डॉक्टरची मी पाहिली नाही. कोऱ्या लेटरहेडवर खाली आधीच सही करून ठेवतात. लिफाफ्यात टेप आणि तीन-चार सह्या केलेले कागद. मी मजकूर भरायचा आणि लायब्ररीतल्या बाईकडून कॉलेजला पाठवून द्यायचा. त्यांची वाचून बघायची पद्धत नाही. इतका विश्वास.

व्हेटलीला स्थानिक डॉक्टरचं शिफारसपत्र लागतं. आयव्हीने दोन उन्हाळे त्यांच्या दवाखान्यात फुकट काम केलं होतं. पत्र बघण्याचा हक्क सोडल्याची सहीही तिने केली होती, सगळेच करतात, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

मी रेकॉर्डर कानाला लावला. डॉक छान बोलले होते. मेहनती, रक्ताला न घाबरणारी, म्हाताऱ्यांशी प्रेमाने वागणारी. मी टाइप करत गेले आणि मनात म्हणत गेले, देव भलं करो. मग खाकरल्याचा आवाज आला आणि पुढचं वाक्य. "अर्जदाराच्या घरगुती व्यवस्थेविषयी समितीने स्वतः चौकशी करावी असे सुचवतो."

तेच वाक्य. शब्दसुद्धा बदललेला नाही. कुठून उचललं असेल? व्हेटलीत शिकताना फायलींमधून, किंवा समितीवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याकडून. अशी वाक्यं वारशाने येतात.

माझ्यापुढे सही केलेला कोरा कागद होता. मी ते वाक्य गाळलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. मी टोपी घातली आणि गाडी काढून दवाखान्यात गेले.

डॉक मागच्या खोलीत डबा खात होते. कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, ताकात कुस्करून, चमच्याने. पन्नास वर्षं तेच.

"मिस ऑर्लीना. बसा."

"शेवटचं वाक्य काढा, डॉक."

ते समजले. चमचा खाली ठेवला नाही. "चौकशी करावी एवढंच म्हटलंय. त्यात वाईट काय?"

"नोबल हेन्सलीच्या फाइलमध्ये हेच होतं."

"मी तेव्हा शाळेत होतो."

"मी नव्हते. मीच टाइप केलं होतं."

"मग तुम्हाला ठाऊकच आहे," डॉक म्हणाले, "की ते वाक्य काय काम करतं." त्यांनी तोंड पुसलं. "ऐका, मुलगी गुणी आहे. पण हा दवाखाना मी तिच्या हाती देऊन जाणार आहे, असं तुम्ही धरून चालता. माझ्या पेशंट बायका तिच्यासमोर कपडे काढतील? डीकन कॉर्नेटची बायको काढेल?"

"तुमच्यासमोर काढत आल्यात पन्नास वर्षं. तुम्ही तर पुरुष आहात."

"ते वेगळं."

"कसं?"

त्यांनी ताक ढवळलं.

"गेल्या जानेवारीत बर्फाने तारा तुटल्या," मी म्हटलं, "तुमची मिसेस ऑक्सिजनवर होती. खांबावर कोण चढलं होतं?"

"मी तिला केक पाठवला होता."

"सफरचंदाचा. मीच केला होता तो. माहीत आहे मला."

"मिस ऑर्लीना, तीन वर्षं तुम्ही त्या पोरीला घरात घेतलेलं नाही. साऱ्या काउंटीला ठाऊक आहे. आणि मला शिकवायला आलात?" ते हे शांतपणे म्हणाले, रक्तदाब सांगावा तसं. "टाइप करायचं नसेल तर कागद परत द्या. मी फोन करून सांगेन. समितीवर माझा वर्गमित्र आहे."

मी उठले. फोनवर बोललेलं कुठे सापडणार? घरी येऊन मी पत्र पूर्ण केलं, शेवटच्या वाक्यासकट, आणि लायब्ररीत नेऊन दिलं. त्या बाईने यंत्रात घातलं, हिरवा दिवा लागला, पत्र गेलं.

मग मी वर चढले. माझा गुडघा आता चढाला नको म्हणतो, म्हणून मध्ये दोनदा कुंपणाला धरून उभी राहिले. ट्रेलरच्या दारात ड्रीमा बुटांचा चिखल काढत बसली होती. मला बघून ती उभी राहिली आणि आत जाऊन म्हणाली, "आयव्ही, तुझी आजी आलीय. चालत."

आयव्ही बाहेर आली. कुणी बस म्हटलं नाही.

"सातवा प्रश्न भरलास?"

"रिकामा सोडला. तू म्हणालीस तसाच. रविवारी पाठवणार आहे."

"रिकामा सोडू नको. लिही. नाव लिही, खोरं लिही, काम लिही, सगळं लिही."

 मी तिला डॉकचं वाक्य सांगितलं. "हे वाक्य जो लपवतो त्यालाच मारतं. तू रिकामं सोडलंस तर ते विचारतील, तू गांगरशील, आणि त्यांना वाटेल ही खोटारडी. तू आधीच लिहिलं असलंस तर चौकशी करायला काही उरतच नाही."

"तुला त्या वाक्याची एवढी माहिती कशी?"

मग मी नोबलचं सांगितलं. पडद्यांसकट. हसण्यासकट.

ड्रीमा मान खाली घालून बुटाची नाडी गुंडाळत होती. आयव्हीचा चेहरा मी तिच्या लहानपणापासून ओळखते. रागावली की तिचे कान लाल होतात, तसे झाले होते.

"आणि डॉकचं वाक्य तू टाइप केलंस?"

"केलं."

"कोरा कागद होता. गाळता आलं असतं."

"ते फोन करणार होते. लिहिलेल्याला उत्तर देता येतं, आयव्ही. फोनला देता येत नाही."

"दोन्ही वेळा तूच टाइप केलंस," ती म्हणाली. "वा."

"या वेळी तुला येऊन सांगितलं."

"हो, सांगितलंस. त्या माणसाला सांगितलंस का? नोबलला?"

"तो असेल का नसेल."

"शोध. पत्र लिही त्याला. तोवर या दारात येऊ नकोस. मी तुझ्याकडे येणार नाही." ती आत गेली. मग जाळीच्या दारामागून तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नाही. "ड्रीमा, तुझ्या आजीचं खोरं नकाशात काय नावाने आहे? इथे लिहायचंय."

मी उतरायला लागले तेव्हा ड्रीमा माझ्यामागे चार पावलं अंतर ठेवून आली, कुंपण संपेपर्यंत. पडले असते तर धरायला.  

मुलाखत ऑक्टोबरात झाली. मला ती ड्रीमाकडून कळली, टपालपेटीपाशी, आम्ही दोघी पत्रं घ्यायला एकाच वेळी आलो तेव्हा. तिघंजण होते. डॉकच्या वर्गमित्राने चष्मा लावून पत्रातलं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "घरगुती व्यवस्थेविषयी काही सांगाल?" आयव्ही म्हणाली, "सातव्या प्रश्नात लिहिलं आहे, सर. पान चार." त्याने पान उलटलं, वाचलं, पुन्हा वाचलं. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "वीज मंडळात आहे म्हणजे ही कुठे जात नाही. पुढचा प्रश्न." वर्गमित्र त्यानंतर पूर्ण वेळ आयव्हीकडे असं बघत होता की तिला वाटलं, जागा गेली.

डिसेंबरात आठांमध्ये तिचं नाव आलं. आठवं.

त्यानंतर डॉककडून टेप आली नाही. आता त्यांच्याकडे कुणी मुलगी आहे, कॉम्प्युटरवर करते. दवाखान्यासमोरून गाडी नेली की मी अजून हात करते, ते करत नाहीत. चर्चमध्ये माझ्या बाकावर पूर्वी पाच जणी बसायच्या, आता दोघी बसतो, आणि दुसरी बहिरी आहे.

नोबल हेन्सली सापडला. ऐंशी ओलांडलेला, डेटनजवळ, निवृत्त. पत्ता त्याच्या चुलतबहिणीने दिला, का हवाय ते न विचारता. मी टाइपरायटर काढला, कारण माझं हस्ताक्षर आता थरथरतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं एकटाकी उतरवली, पण त्या एका पानाला मला अकरा दिवस लागले. 'मला कल्पना नव्हती' असं चार वेळा लिहून चार कागद फाडले. शेवटी सहा ओळी राहिल्या. डॉ. प्रुइटनी काय विचारलं, मी काय सांगितलं, मी हसले, आणि मी टाइप केलं. क्षमा शब्द घातला. मग काढला. मग पुन्हा घातला.

उत्तर फेब्रुवारीत आलं, पोस्टकार्डावर, पेन दाबून लिहिलेलं.

'मला अडुसष्ट सालीच कळलं होतं. त्या ऑफिसात आमच्या काउंटीचं दुसरं कोण होतं? कार्ल एकोणनव्वदला गेला. पडदे मी अजून ठेवलेत. पुन्हा लिहू नये.'

मी ते घेऊन वर चढले. मी जाळी उघडली आणि दार ढकललं. आयव्ही टेबलापाशी कॉलेजचे कागद भरत होती. मी उंबऱ्यावरूनच कार्ड पुढे केलं. तिने उठून घेतलं, वाचलं, दुसऱ्या बाजूला काही लिहिलंय का ते बघितलं. नव्हतं.

तिने कार्ड मला परत दिलं. ये म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. पुन्हा बसून लिहायला लागली.

ड्रीमाने पायाने एक खुर्ची दाराकडे ढकलली. "मिस ऑर्लीना," ती म्हणाली, "आत या, नाहीतर दार लावा. ऊब चाललीय."